एका हाताची रंगीत तालीम

रंगमंचावर काळोख होतो तेव्हा प्रेक्षक खोकून घेतात, खुर्चीत सावरून बसतात, शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगतात. तेवढ्याच काळोखात विंगेत एका बाईचं अख्खं नशीब बदलत असतं. मी राणी म्हणून आत जायचे आणि भिकारीण होऊन बाहेर यायचे. मधल्या वेळात माझ्या अंगाभोवती दोन हात फिरत. ते आत्ता मानेपाशी असत, तर पुढच्या श्वासाला घोट्यापाशी. कधीकधी ते चार आहेत असंच मला वाटे. दिवा लागण्याआधी कानाशी दबका आवाज यायचा, "हं, राणीसाहेब. जा आता, भीक मागा."

ती टाचणी. आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणारी. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून कुणीतरी तिला हे नाव दिलं आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव तिला स्वतःला फक्त बँकेत सही करताना आठवायचं. टाचण्या तोंडात धरून ती बोलायची, रागवायची, हसायचीसुद्धा. एकही टाचणी कधी खाली पडली नाही.

त्या वेगामागचं तिचं गुपित म्हणजे खोटी बटणं. राणीच्या अंगरख्यावर गळ्यापासून पायापर्यंत मोत्यांची बटणं ओळीने बसलेली दिसायची. प्रेक्षकांना ती खरी वाटायची, पण ती नुसती वर शिवलेली असत. आतून होती टिचबटणं. एक झटका दिला की राणी उघडी आणि भिकारीण तयार. नवीन आलेली एखादी मुलगी विचारायची, "खरी बटणं का नाही लावत हो?" टाचणी म्हणायची, "खरी बटणं संसाराला. इथे वेळ नाही."

तिचा नवरा आमच्याच कंपनीत दिव्यांचं काम बघायचा. मी त्यांना भाऊजी म्हणते. ते काळोख करायचे आणि ही त्या काळोखात काम करायची. असा संसार मी दुसरा पाहिला नाही. विंगेतून टाचणीने नुसती मान हलवली की भाऊजींना वर, दिव्यांच्या माळ्यावर कळायचं की बाई तयार आहे. कसं कळायचं, देव जाणे. मी विचारलं तर म्हणायचे, "वहिनी, नवरा-बायकोत थोडं अंधारातच बरं असतं."

पुढे कंपनी बंद पडली. माणसं पांगली. टाचणी लोकांच्या पँटी आखूड करून द्यायला लागली, चेन बदलायला लागली. ते तिला कमीपणाचं वाटलं नाही. कमीपणा हा शब्दच तिच्या कपडेपटात नव्हता. मग भाऊजींना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं उरलं ते "हो", "नको" आणि "थांब" एवढ्यापुरतं. हा "थांब" त्यांचा जुना शब्द. तालमीत दिवे लावताना दिवसभर तोच म्हणत असायचे.

मी भेटायला गेले तेव्हा ते बाहेरच्या खोलीत आले नाहीत. टाचणीने मला स्वयंपाकघरात नेलं, चहा ओतला आणि कपाकडे बघत म्हणाली, "सकाळी मी त्यांच्या शर्टाची बटणं लावते ना, तेव्हा ते छताकडे बघतात गं. एकदाही माझ्याकडे बघत नाहीत."

मी तिच्या हातावर हात ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पाठ करून बोलणाऱ्या बाईला तेवढंच जमलं.

पुढच्या खेपेला दार उघडलं ते भाऊजींनी. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, कॉलर ताठ. मी म्हटलं, "वा! आज बायकोने नवरदेव सजवलाय वाटतं." त्यांनी डोळे मिचकावले. डाव्या हाताने शर्टाची कड धरली आणि ओढली. टिच, टिच, टिच, शर्ट उघडला. मग त्याच हाताने, बोटांनी दाबत दाबत, परत बंद केला. पुन्हा गळ्यापर्यंत ताठ. मी दारात तोंडावर हात ठेवून उभी. आतून टाचणीचा आवाज आला, "काय राणीसाहेब, ओळखलात का अंगरखा?"

ज्या कसबाने तिने आम्हा नटनट्यांना क्षणात दुसरं माणूस बनवलं, तेच कसब वापरून तिने आपल्या माणसाला पुन्हा होता तोच माणूस करून दाखवलं होतं. मी रंगभूमीवर पुष्कळ चमत्कार पाहिलेत, बरेच केलेतही. त्यांच्या दोऱ्या कुठून ओढल्या जातात ते मला माहीत असतं. ह्या चमत्काराचीही दोरी मला माहीत होती, तरी मी भाऊजींना पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं.

दुकान सुरू झालं ते टाचणीच्या सूनबाईंमुळे. मुलगा नोकरीला बाहेरगावी, सून घरातून कुठल्याशा कंपनीचे हिशेब बघायची. तिने सासऱ्यांच्या शर्टाचे फोटो काढले आणि एका मोठ्या ऑनलाइन बाजारात टाकले. त्या बाजारात सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं मिळतं. टाचणी म्हणाली, "कोण घेणार गं हे?" घेणारे निघाले. खांद्याचं ऑपरेशन झालेला एक ड्रायव्हर, जन्मतः एकच हात असलेली एक शिक्षिका, बोटं थरथरणारे म्हातारे, पलंगावरच्या आईसाठी गाऊन मागणाऱ्या लेकी. टाचणी प्रत्येकाला फोन करायची आणि एकच प्रश्न विचारायची, "सकाळी कोणता हात आधी घालता?" त्यावरून ती बाही कापायची. पलीकडचा माणूस आधी प्रश्न पुन्हा विचारायला लावायचा. हे आजवर त्याला कुणी विचारलेलंच नसायचं. मग बोलायला लागायचा आणि थांबायचाच नाही.

व्याप वाढला. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनं आली, शेजारच्या मुली शिवायला येऊ लागल्या. एका कोपऱ्यात पार्सलं तोलायचा काटा, त्याशेजारी पत्त्याच्या चिठ्ठ्या छापणारं छोटं यंत्र, दाराला टेकून खोक्यांची चळत. भाऊजींची खुर्ची खिडकीपाशी. मी आठवड्यातून एखाद्या दुपारी जायचे, टिचबटणं तपासायला बसायचे. म्हणजे असं मी सांगायचे. खरं तर गप्पांना.

व्याप वाढला तशी घोळांनाही बरकत आली. बाजारवाल्यांचे नियम ठरलेले. लहान, मध्यम, मोठा, एवढीच मापं. "कोणता हात आधी" ह्याला तिथे रकानाच नव्हता. त्यातून काही गिऱ्हाईकं थेट फोनवर मागवायची, काही बाजारातून, आणि शिल्लक राहिलेला एकच निळा शर्ट दोघांना विकला जायचा. मग सूनबाई एकाची माफी मागत बसायची. पण टाचणीच्या जिवाला लागलं होतं ते वेगळंच. सूनबाईने एकदा तिला मोबाइलवर दाखवलं, "आई, हे बघा. एवढ्या लोकांनी आपले शर्ट टोपलीत टाकले आणि शेवटच्या पायरीवरून परत गेले."

"तिकीट काढून परत गेले?"

"तिकिटाच्या खिडकीवरूनच वळले म्हणा."

टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. "माझ्या कपड्यात काय खोट दिसली त्यांना?"

त्या दिवसापासून तिने तो ध्यासच घेतला. शिवण उसवून बघायची, कापड उजेडात धरायची. रात्री झोप येत नाही म्हणायची. भाच्याला, म्हणजे तिच्या बहिणीच्या मुलाला, बोलावणं गेलं. हा वेबसाइटी बनवतो. चष्मा, पाठीला पिशवी, पायात कायम मोजे. स्वभावाने लाघवी, आणि मावशीवर जीव. तो सगळं बघून म्हणाला, "मावशी, खोट कपड्यात नाही, जागेत आहे. दुकान दुसरीकडे हलवायला हवं."

"कुठे?"

"तीन रस्ते आहेत. एक, त्याच बाजारात राहायचं आणि त्यांचे नियम पाळायचे. दोन, तयार दुकान भाड्याने घ्यायचं. म्हणजे आपली स्वतंत्र वेबसाइट, पण मागची यंत्रणा त्यांची. माल, पैसे, कुरिअर सगळं जोडलेलं. महिन्याला भाडं. तीन, पहिल्या विटेपासून आपलं स्वतःचं बांधायचं. ते मी बांधतो."

टाचणीने तिन्ही रस्ते बोटांवर मोजले. "म्हणजे पहिल्यात आपण स्पर्धेत नाटक करतो. थिएटर त्यांचं, प्रेक्षक त्यांचे, पडदा कधी पाडायचा तेही त्यांनी ठरवायचं. दुसऱ्यात हॉल भाड्याचा, नाटक आपलं. आणि तिसऱ्यात थिएटरच बांधायचं."

"मावशी, तू माझ्या जागी क्लायंटला समजवायला चल ना!"

"ते तिसरं थिएटर नको हं," सूनबाई म्हणाली. "घर पाहावं बांधून. बल्ब गेला तरी तुम्हाला फोन करायचा."

"वहिनी, भाड्याच्या दुकानात खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं."

"खिळा ठोकायचा कशाला पण? शर्ट विकायचेत ना?"

दोघांची अशी जुंपली की शिवणाऱ्या मुलींनी मशीनं थांबवली. दोघांचं म्हणणं खरं होतं, त्यामुळे भांडण संपेना. आणि थट्टेचा विषय तो नव्हताच. गाठीला होतं ते एकदाच लावता येणार होतं. जागा चुकली असती तर ह्या मुलींना घरी बसा म्हणावं लागलं असतं आणि ज्या माणसांना बाही कोणत्या बाजूने कापायची हे टाचणीखेरीज कुणी विचारत नव्हतं, त्यांना पुन्हा कुणी विचारलं नसतं.

शेवटी टाचणीने हात वर केला. कंपनीत तिने हात वर केला की मालकसुद्धा गप्प बसत. "तोंडाने नाटक ठरत नाही. दोन्ही उभी करा. रंगीत तालीम घेऊ."

भाच्याने थोड्या दिवसांत दोन्ही नमुने तयार केले. एक भाड्याच्या दुकानाचा, एक स्वतः बांधलेला. तालमीचा दिवस ठरला. पडद्यामागचं सगळं चोख. सूनबाईने माल मोजून चढवला. ऑर्डर आली की चिठ्ठी छापून येते का, निळा शर्ट एकदाच विकला जातो का, पैसे आल्याचा निरोप येतो का, सगळं तपासलं. टाचणी खुर्च्या लावाव्यात तशी खोकी लावत होती. आता गिऱ्हाईक हवं होतं.

"राणीसाहेब, तुम्ही," टाचणी म्हणाली. "तुमचा हात मोडलाय."

माझा उजवा हात ओढणीने गळ्यात बांधला. मी कण्हून घेतलं. डाव्या हाताने मोबाइल चालवला, भाच्याच्या दुकानात शिरले, शर्ट निवडला, खरेदी केला. कोपऱ्यातलं यंत्र कुरकुरलं आणि त्यातून चिठ्ठी बाहेर आली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. काय देखणं दुकान होतं ते! काळ्या मखमलीसारखी पार्श्वभूमी आणि त्यावर शर्ट संथपणे गोल फिरतोय, जणू एकट्यावरच झोत टाकलाय. मग भाड्याचं दुकान. ते साधं, पांढरं, शाळेच्या वहीसारखं. तिथेही माझी खरेदी झाली. सगळ्यांची नजर परत काळ्या मखमलीकडे वळली. सूनबाईसुद्धा मवाळ झाली. "दिसायला छान आहे, नाही म्हणायचं नाही."

तेवढ्यात खिडकीपाशी हालचाल झाली. भाऊजींनी डावा हात पुढे केला होता. तळवा वर.

आम्हाला आधी कळेचना. टाचणीला वाटलं, चहा हवाय. "नको," ते म्हणाले आणि मोबाइलकडे बोट दाखवलं.

खोलीत अवघडलेपण आलं. आजारानंतर त्यांनी मोबाइल हातात धरला नव्हता. फोन ती लावून द्यायची, वाणसामान ती मागवायची. ती पटकन म्हणाली, "अहो, कशाला त्रास? सांगा काय करायचं ते. मी करून देते की."

"नको."

भाच्याने मोबाइल त्यांच्या हातात ठेवला. काळी मखमल उघडलेली.

आणि पुढे जे झालं ते मी माझ्या उभ्या आयुष्यात कुठल्या रंगमंचावर पाहिलेलं नाही.

ज्या हाताने मोबाइल धरायचा त्याच हाताने तो चालवायचा होता. माझा दुसरा हात बांधलेला होता खरा, पण माझी मांडी, माझा गुडघा, माझं कोपर सगळं मला मदत करत होतं. त्यांची उजवी बाजू त्यांना काहीच देत नव्हती. त्यांनी अंगठा लांबवला. उघडल्या उघडल्या सवलतीची एक चौकट आली होती आणि ती बंद करायची फुली होती वर उजव्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढी. डाव्या अंगठ्यापासून सगळ्यात लांब. अंगठा पोचेना. त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला, तो घसरला. परत ठेवला. फुली सापडली. आता शर्ट मोठा करून बघायचा तर दोन बोटं लांबवायची होती, आणि मोबाइल मांडीवर डुगडुगत होता. तो त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. माप निवडलं. पत्ता. एकेक अक्षर. पासवर्ड मागितला, त्यात एक मोठं अक्षर हवं, एक चिन्ह हवं. तेही केलं. मग ओटीपी आला. तो बघायला दुसऱ्या पानावर जायचं, आकडे लक्षात ठेवायचे, परत यायचं. ते परत आले तोवर वेळ संपली होती.

टोपली रिकामी.

सूनबाई पुढे झाली. "बाबा, द्या, मी..."

"थांब."

तो तोच आवाज होता. दिव्यांच्या माळ्यावरून येणारा. सूनबाई जागच्या जागी थिजली. टाचणीने तिचं मनगट धरलं.

भाऊजींनी पहिल्यापासून सुरुवात केली. चौकट, फुली, शर्ट, माप. कपाळावरचा घाम त्यांनी खांद्याला पुसला, कारण हात मोकळा नव्हता. मशीनं बंद. मुली श्वास रोखून. पंख्याचा आवाज तेवढा. मी भरलेली प्रेक्षागृहं गप्प होताना पाहिली आहेत, पण तिथे लोक नटाचा अभिनय बघायला गप्प होतात. इथे एक माणूस शर्ट विकत घेत होता. एवढंच. आणि त्याच्याकडून नजर हलवण्याची माझी प्राज्ञा नव्हती. टोपली पुन्हा रिकामी झाली. त्यांनी पुन्हा पहिल्या पानाला हात घातला. चिडले नाहीत, हरले नाहीत. एखादा दिवा मनासारखा बसेपर्यंत शिडी सरकवत राहणारा माणूस होता तो, हे मी विसरूनच गेले होते. आम्ही सगळेच विसरलो होतो.

मग टाचणी हळूच म्हणाली, जणू स्वतःशीच, "ते वळून गेले नव्हते गं."

"कोण, आई?"

"खिडकीवरून परत गेलेले. त्यांना कपडे हवे होते. त्यांच्या हाताला आपलं दार उघडलंच नाही." तिने सूनबाईचं मनगट सोडलं. "एका हाताने घालायचे कपडे, आणि विकायला ठेवले दोन हातांच्या दुकानात! आपण सगळं विंगेतून बांधत बसलो. माल, चिठ्ठ्या, कुरिअर. खुर्चीत जाऊन कोणी बसलंच नाही."

हे आमच्यासारख्या पडद्यामागे आयुष्य काढलेल्या माणसांनाच शोभणारं होतं. नेपथ्य टांगलं, दिवे बसवले, कपडे इस्त्री केले, आणि समोरून नाटक दिसतं का ते बघायचं राहून गेलं.

भाचा चष्मा काढून पुसत होता. मला वाटलं, पोरगा हिरमुसला. पण तो उठला आणि भाऊजींच्या खुर्चीपाशी जमिनीवर मांडी घालून बसला. "काका, हे काळं राहू दे. नाकापेक्षा मोती जड झालाय. आता हे पांढरं उघडतो. कुठे अडतंय ते मला दाखवाल?"

"हो."

जागेचा निकाल त्या बैठकीत लागला, आणि तो लावला भाच्यानेच, स्वतःच्या कामाविरुद्ध. "भाड्याचंच घेऊ," तो म्हणाला. "मी बांधलेलं मलाच सांभाळावं लागेल, आणि उद्या मी दुसऱ्या गावी गेलो तर तुम्ही अंधारात. शिवाय पैसे भरायचा गल्ला ह्यांचा तयार आहे. खातं न उघडता घेता येतं. टोपली अर्धवट सोडली तरी परत येईपर्यंत तशीच राहते. मोठा बाजारही सोडायचा नाही, तो आपली पाटी. लोकांना आपण तिथे सापडू. पण शिल्लक दोन्हीकडची एकाच ठिकाणी मोजली जाईल. निळा शर्ट एकालाच."

"जितं मया!" सूनबाई म्हणाली.

"थांबा वहिनी. खिळे मात्र मी ठोकणार. मालक जेवढे ठोकू देईल तेवढे."

आणि खिळे ठोकायला जी माणसं बसली ती बघण्यासारखी होती. रोज चहा झाला की भाचा मोबाइल भाऊजींच्या हाती द्यायचा. सवलतीची चौकट? "नको." गेली. पासवर्ड? "नको." गेला. ओटीपीचं काय? पैसे पार्सल आल्यावर द्यायची सोय ठेवली, मोठ्या ठसठशीत बटणावर. लिहिणं जड जाणाऱ्यांसाठी एक बटण असं, की दाबायचं आणि नुसतं बोलायचं, बाकी सूनबाई ऐकून भरेल. भाऊजी तपासत. कधी "हो" मिळायला एक दुपार लागे, कधी भाचा रडकुंडीला येई. "काका, एखादा तरी हो द्या हो, उधार!"

पण माझं डोकं खरं चक्रावलं ते दुसऱ्याच गोष्टीने. टाचणीचा हट्ट होता की तिचा प्रश्न दुकानात सगळ्यात आधी यायला हवा. भाच्याने पहिल्याच पानावर दोन मोठी चित्रं टाकली, एक डावी बाही, एक उजवी. वर अक्षरं, "सकाळी कोणता हात आधी घालता?" त्याखाली आणखी एक, "आत्ता मोबाइल कोणत्या हातात आहे?" मी डावा म्हणून दाबलं. आणि पानावरची सगळी बटणं सरसर सरकली, डाव्या अंगठ्याखाली येऊन उभी राहिली. उजवा दाबला, सगळी उजवीकडे.

मी ते परत परत करून बघत राहिले. लहान मूल दिव्याचं बटण दाबत बसतं ना, तशी. दूर कुठल्या गावी, कधी न पाहिलेल्या बाईच्या हातात हे पान उघडेल आणि तिच्या चालत्या हाताशी आपणहून जाऊन थांबेल. विंगेत टाचणी अशीच थांबायची. तुम्ही कोणत्या बाजूने आत शिराल ते तिला आधीच ठाऊक असायचं. मला संगणकातलं काही कळत नाही, पण हात कसे मदतीला येतात ते मला कळतं. मी त्या पोरासमोर हात जोडले. तो लाजून म्हणाला, "अहो, काय करताय! हे काकांनी केलंय. मी फक्त बटणं सरकवली."

दुकान उघडायचा दिवस आला. सकाळची वेळ, आम्ही सगळे यंत्राभोवती. सूनबाईने नवं दुकान चालू केलं आणि आम्ही वाट बघत बसलो. तिसऱ्या घंटेनंतर पडद्याच्या फटीतून बघावं, तशी मी इतक्या वर्षांनी त्या यंत्राच्या फटीकडे बघत होते. टाचणी ओठांत टाचण्या धरून कापड कापायचं सोंग करत होती. यंत्र कुरकुरलं. चिठ्ठी बाहेर आली. सूनबाईने झडप घातली.

"एक शर्ट! मोठं माप, डावा हात. पैसे पार्सल आल्यावर." मग ती थबकली. "रंग पोपटी."

"पोपटी?" टाचणी म्हणाली. "तो ठेवलाय कशाला म्हणत होते मी! कोण घेतं पोपटी? कुठलं गिऱ्हाईक आहे?"

सूनबाई पत्ता वाचत होती. तिने मान वर केली आणि खिडकीकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

भाऊजी मोबाइल कट्ट्यावर ठेवत होते. अगदी निवांत.

"अहो," टाचणीच्या तोंडातून टाचण्या खाली पडल्या. "तुम्ही? पोपटी? तुम्हाला पांढरा नाहीतर राखाडी लागतो ना?"

"नको."

"नको म्हणजे काय नको? इतकी वर्षं मी तुम्हाला पांढरेच..." आणि ती वाकून टाचण्या गोळा करायला लागली. इतकी वर्षं तिने शिवले, त्यांनी घातले. जगातल्या साऱ्या गिऱ्हाइकांना फोन करून विचारणाऱ्या बाईने एका माणसाला रंग विचारलेला नव्हता. कारण तो काही गिऱ्हाईक नव्हता, घरचा होता.

भाचा हसू दाबत म्हणाला, "मावशी, पैसे पार्सल आल्यावर देणार म्हणे! तू मागशील?"

"मागणार! गिऱ्हाईक आहे ते." तिने डोळे पुसले आणि दारातून ओरडून शेजारच्या मुलीला पोपटी कापडाचा तागा आणायला सांगितलं. सूनबाई म्हणाली, "आई, हे पार्सल कुरिअरनेच जाऊ दे. घरून निघून घरी येऊ दे. सगळी साखळी एकदा तपासून होईल."

"जाऊ दे की. वाट बघू दे त्यांनाही, बाकीचे बघतात तशी."

तागा आला. टाचणीने तो मेजावर पसरला, खडू हातात घेतला आणि स्टूल ओढून ती भाऊजींच्या समोर जाऊन बसली. फोनवर अनोळखी माणसांशी बोलताना जो आवाज काढायची तोच आवाज काढला. "नमस्कार. तुमची ऑर्डर मिळाली. कॉलर कशी हवी? ताठ की मऊ?"

भाऊजींनी ओठ हलवले. शब्द येईना. एरवी ती पुढचा शब्द सांगून मोकळी व्हायची. आज नाही सांगितला. खडू हातात धरून, मान किंचित कलती करून, ती त्यांच्या तोंडाकडे बघत बसली. सूनबाई पुढच्या चिठ्ठ्या फाडत होती, यंत्र कुरकुरत होतं, मशीनं सुरू झाली होती.

"म..." भाऊजी म्हणाले. आणि मग, आजारानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलेला पहिला नवा शब्द, "मऊ."

"मऊ," टाचणी म्हणाली आणि तिने कापडावर पहिली रेघ ओढली.